भोंग्यावर लाइनपारचं नाव

आमच्या वस्तीचं नाव पत्त्यात लिहायचं नाही, हे मला बाराखडी येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. बाबांची पत्रं बाजारातल्या एका किराणा दुकानदाराच्या मार्फत यायची. आमचीच कशाला, सगळ्या वस्तीची. दुकानदार भला होता. तो पत्रं गोडेतेलाच्या पिंपामागे ठेवायचा, त्यामुळे लग्नाचं असो की मयताचं, आमच्या हातात पडणारं प्रत्येक कार्ड तेलकट असायचं. पोस्टमन रूळ ओलांडून येत नव्हता अशातला भाग नाही. पण पत्त्यात 'लाइनपार' दिसलं की नोकरीचा अर्ज बाजूला पडतो आणि सोयरीक मोडते, असं आमची मोठी माणसं धरून चालायची. त्यात खोटं तरी काय होतं? माझीच एक सोयरीक तशी मोडली. मुलाकडचे स्टेशनवर उतरले, फाटकाजवळच्या पानठेल्यावर त्यांनी आमचं घर विचारलं, आणि पुढच्या गाडीनं परत गेले. मायनं केलेले परातभर पोहे आम्हीच संपवले.

सिंदी हे रेल्वेचं आणि कापसाचं गाव. रुळांच्या एका अंगाला बाजार, शाळा, देवळं, शेतकऱ्यांची नि व्यापाऱ्यांची घरं. दुसऱ्या अंगाला जिनिंग, आणि जिनिंगच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून आम्ही. कुणी हमाल, कुणी रुईच्या गाठी बांधणारा, आणि पावसाळ्यात सगळेच दुसऱ्याच्या वावरात निंदायला. मी चौदाव्या वर्षापासून जिनिंगमध्ये होते. उघड्या आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या, एकेक गंजी घराएवढी उंच. तिच्यावरचा कापूस टोपलीत भरायचा आणि सरकी काढणाऱ्या रेच्यापुढे नेऊन ओतायचा, सकाळपासून भोंगा होईपर्यंत. हंगामात आमच्या भाकरीवरसुद्धा कापसाचं तूस असायचं.

गावाच्या तोंडी आमचं नाव वर्षातून एकदा यायचं, पोळ्याला. बाजारात बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्या भागात झडत्या म्हणतात, यमकं जुळवून एकमेकांना हाणलेले टोमणे. सरपंचावर असते, मास्तरावर असते, पाऊस अडवून बसलेल्या देवावरही असते. आणि एक झडती दरवर्षी लाइनपारवर. आमच्याकडच्या कोंबड्या कुणाच्या खुराड्यातून आल्या, आमच्या पोरांनी बापाच्या नावापुढे काय लिहावं, असलं काहीतरी. झडती संपली की हर हर महादेवचा गजर व्हायचा आणि सगळं गाव पोट धरून हसायचं. त्या हसण्यात माझे बाबाही हसायचे. मला गावापेक्षा बाबांचाच जास्त राग यायचा. अजून येतो, खोटं कशाला सांगू.

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान, मला बाई म्हणायचा. आठ-नऊ वर्षांचा असताना त्यानं पोळ्याहून परत येताना बाबांना विचारलं होतं की तुम्ही काऊन हासता.  फाटकापाशी थांबून बाबांनी बिडी पेटवली आणि मालगाडी जाईपर्यंत डबे मोजत उभे राहिले.

पंच्याऐंशीच्या आसपास बाजारात व्हिडिओ आला. एका दुकानामागच्या खोलीत काळे पडदे लावून दुपारचे खेळ चालायचे. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. दहावीत एकदा आपटून तो माल धक्क्यावर पोती उचलायला लागला होता. एके दिवशी तिथला खेळ बघून तो घामेजून घरी आला. मी चुलीपुढे होते. चप्पल न काढता तो आत आला आणि म्हणाला, "बाई, तथीबी लाइनपार आहे."

मला वाटलं पोराला ऊन लागलं. मग त्यानं सांगितलं. अमेरिकेतलं कुठलं तरी मोठं शहर. आगगाडी डोक्यावरून जाते, लोखंडी खांबांवरून, आणि खाली मोडकी, जळकी घरं, खिडक्यांना काचा नाहीत. रस्त्यातला नळ फुटलाय आणि पोरं त्याच्याखाली नागडी नाहतायत. काळी पोरं, काम नाही, पोलीस मागे लागतात. पण तीच पोरं गल्लीत पुठ्ठा अंथरून नाचतात, पेटीएवढा टेप लावून. डोक्यावर भोवऱ्यागत फिरतात. भिंतींवर पुरुषभर उंचीची अक्षरं काढतात, आपल्या नावाची, आपल्या गल्लीची. आणि एक पोरगा माइक घेऊन यमकं जुळवत भांडल्यासारखा बोलतो. झडतीच म्हणतो तो, भाऊ म्हणाला, फक्त आपल्या वस्तीवर आपणच म्हणतो, आणि कुणी हसत नाही. इंग्रजीतलं त्याला अक्षर कळलं नव्हतं. कळलं ते त्याला कोणी सांगायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, आपल्याला काय करायचं त्याचं, आधी पाणी भरून आण. पाणी त्यानं आणलं. पण त्याच आठवड्यात जिनिंगच्या भिंतीवर डांबरानं पुरुषभर उंचीची अक्षरं उमटली. लाइनपार. मुकादमानं बाबांना बोलावून घेतलं. बाबांनी सुटीचा सगळा दिवस विटेच्या तुकड्यानं भिंत घासली. अक्षरं गेली नाहीत, नुसती पांढुरकी झाली. भाऊ शेजारी उभा राहून बघत होता. मी त्याला म्हटलं, लाज नाही वाटत का रे, बाप भिंत घासून राह्यला. तो म्हणाला, मीही तेच म्हणतो, बाप काऊन घासून राह्यला.



आता आमच्या शेजारची पोर मोबाइलवर अशी गाणी ऐकते. मुंबईची पोरं, दिल्लीची पोरं, आपल्या गटाराच्या काठच्या गल्लीचं नाव छाती ठोकून घेतात, आणि लाखो लोक ऐकतात म्हणे. याला हिपहॉप म्हणतात आजी, असं ती मला समजावून सांगते. परवा मी तिला एकदम बंद कर म्हणून ओरडले. तिला वाटलं म्हातारीचं डोकं दुखतं.

त्या वेळी आमच्याकडे शब्द एकच आला होता, ब्रेक डान्स. भाऊ आणि त्याचे तीन दोस्त. टेप मंडपवाल्याचा, त्याची खुर्च्यांची हमाली फुकट करून मिळवलेला. पायांचं काम ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला शिकले. पण भावाच्या मनात त्या व्हिडिओतली एक उडी बसली होती. उभ्या उभ्या मागे उलटायचं, हवेत पूर्ण गिरकी घ्यायची आणि पायावर यायचं. ती जमिनीवर शिकताना एका दोस्ताची हनुवटी फुटली. मायनं आकांत केला, हात मोडून बसशील, हमालीलाही उरणार नाहीस म्हणाली. भाऊ दोन दिवस जेवला नाही.

तेव्हा मी त्याला म्हटलं, "कापसावर कर. लागनार नाई."

हे मी म्हटलं. मीच. आज चाळीस वर्षांनी पहिल्यांदा लिहिते आहे.

सुटीच्या दिवशी जिनिंग बंद असायचं. चौकीदार आमच्या लांबच्या नात्यातला म्हातारा होता. त्याची अट एकच, काडेपेटी आणि बिडी आत न्यायची नाही, कारण कापसाला एक ठिणगी पुरते. फाटकात मी चौघांचे खिसे तपासायची. मग ते गंजीवर चढायचे आणि दुपारभर उड्या. कापूस त्यांना गिळायचा नि परत द्यायचा. केसांत, कानांत, नाकात कापूस. एकदा मीही पदर खोचून गंजीवरून उडी मारली, चोवीस वर्षांची घोडी. कमरेपर्यंत आत गेले. भाऊ एवढा हसला की त्याला उचकी लागली. मी जन्मात तेवढी हलकी कधी झाले नाही.

आमची चूक तिथंच होत होती, आणि ती करायला आमच्यासारखीच कापसात वाढलेली माणसं लागतात. कापसावर माणूस पायावर आला की खांद्यावर आला, हे कळतच नाही. कसाही पडला तरी तो कमरेएवढा आत जातो आणि हसत वर येतो. भावाला वाटायचं उडी पुरी झाली. आम्हालाही तसंच दिसायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो. चार महिन्यांत त्याच्या अंगातली पडायची भीती पार गेली, आणि ती घालवली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

एप्रिलच्या शेवटाला गंज्या संपल्या. आवार मोकळं झालं. मग पाऊस लागला, चिखल झाला, आणि ती उडी मारायला कुठं जागाच उरली नाही. बाकीचा नाच चालू होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरांचा. लेकरं लाकडाचे बैल सजवून आणतात. आमच्या सिंदीत तर खऱ्या बैलाएवढे, चाकं लावलेले लाकडी नंदी निघतात, आसपासच्या गावांतून माणसं बघायला येतात. दुपारी बाजारातल्या सिमेंटच्या ओट्यावर कार्यक्रम व्हायचा आणि त्याचा भोंगा रुळांपलीकडे आमच्या घरातही ऐकू यायचा. त्या वर्षी भावानं नाव नोंदवलं. चौघांची नावं, आणि खाली वस्ती, लाइनपार. नोंदवून घेणाऱ्यानं स्टेशनजवळ असं लिहू का विचारलं, तर भावानं त्याच्यासमोर उभं राहून लाइनपारच लिहून घेतलं. आदल्या दिवशी तोरणाखाली झडती झालीच होती, आमच्या भिंतीवरच्या डांबराची. त्याच बाजारात, त्याच माणसांपुढे, भोंग्यावरून वस्तीचं नाव सरळ घेतलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. बक्षीस नको होतं.

त्या सकाळी मी पांढरे मोजे कापून चौघांचे हातमोजे शिवत बसले होते. भाऊ शेजारी येऊन बसला. म्हणाला, बाई, शेवटी ती उडी मारतो, पण पाऊस लागल्यापासून मारलीच नाही. त्याच्या आवाजात शंका होती. मला ती ऐकू आली होती, हे मला पक्कं आठवतं. मी सुई न थांबवता म्हटलं, "गंजीवर इतक्यांदा मारली, तथी काऊन चुकन?"

त्यानं मान हलवली आणि मोजे हातात घालून बघितले.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडी नंदी ओळीनं उभे, त्यांच्या शिंगांना बेगड. मी नि माय ओट्याच्या उजवीकडे. निवेदक गावातलेच एक प्रतिष्ठित गृहस्थ होते, शुद्ध बोलणारे, सगळ्यांशी गोड. त्यांनी कागद बघितला, क्षणभर थांबले, आणि भोंग्यावर म्हणाले की आता येत आहेत स्टेशन परिसरातले चार बालकलाकार. स्टेशन परिसर. सिंदीत असल्या नावाची वस्ती नाही. मी भावाकडे बघितलं. त्याचा चेहरा बाबांसारखा झाला होता, बाबांचा हसण्याच्या आधी व्हायचा तसा.

पण तो हसला नाही, नाचला. काय नाचला म्हणून सांगू. शिट्ट्या पडल्या. झडत्यांवर खिदळणारे तोंडात बोटं घालून बघत होते. मधेच त्यानं माइककडे एकदा नजर टाकली आणि मला कळलं, उडी झाली की टाळ्यांमध्ये तो माइक घेणार आणि नाव स्वतःच घेणार. माझं काळीज अभिमानानं भरून आलं होतं. मग बाकीचे तिघे बाजूला झाले. तो ओट्याच्या मध्ये आला आणि मागे उलटला.

कापसावर जसा पडायचा तसाच पडला. अंग सोडून, न घाबरता, मानेवर.

आवाज फार मोठा नव्हता. लोकांना आधी वाटलं नाचातलंच आहे, काहींनी टाळ्याही वाजवल्या. टेप चालूच होता. मी ओट्यावर चढले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, बाई, माहे पाय कुठं आहेत?

वर्ध्याला नेलं, तिथून नागपूरला. तीन महिन्यांनी घरी आणला तेव्हा मानेखाली काही उरलं नव्हतं. मान वळत नव्हती. डोळे आणि आवाज तेवढा होता. डॉक्टरांनी बाबांना जे सांगितलं ते बाबांनी आम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. मायनं नवस केले, केळझरच्या गणपतीला पायी जाऊन आली. मी देवाला काही मागितलं नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

एके दिवशी माय त्याचं अंग पुसत होती. पुसता पुसता ती रडायला लागली, की हे कुठं शिकला, कोणी शिकवलं माझ्या लेकराला, त्याचं वाटोळं होवो. मी दारात तांदूळ निवडत होते. मायनं मला विचारलं, तुला ठाऊक असेल, सांग. मी म्हटलं, मले काय माईत. भाऊ छताकडे बघत होता. त्याचा आवाज तर शाबूत होता. एक शब्द बोलला असता तर मी सुटले असते. तो बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. माय गेली तेव्हाही तिला ठाऊक नव्हतं.

पाठीला जखमा व्हायला लागल्या. मऊ गादी हवी होती. हंगाम सुरू झाला होता, मी परत कामावर गेले आणि रोज पोलक्यात दडवून मूठभर रुई आणली. फाटकात झडती घेणारी बाई माझ्याकडे बघून नजर दुसरीकडे करायची. गादी भरली, त्याला वर ठेवलं, तर म्हणतो, गंजी घरीच आणली का बाई. मी हसले. मग मागच्या बाजूला जाऊन भिंतीवर डोकं आपटून घेतलं, त्या पांढुरक्या अक्षरांवर.

वर्ष फिरलं आणि पोळा आला. मला काहीतरी करायचं होतं. ज्याला हात लावला ते मी मोडलं होतं, तरी अक्कल आली नव्हती. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्या निवेदकांच्या घरी गेले. पायरीखाली उभी राहिले, हात जोडले आणि म्हटलं की साहेब, उद्या भोंग्यावर एकदा आमच्या वस्तीचं नाव घ्या. माझ्या भावाला ऐकायचं आहे. दुसरं काही नको. त्यांना खरंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नक्की घेतो म्हणाले, आणि त्यांच्या बायकोनं मला प्रसादाचा लाडू दिला.

भावाला मी सांगितलं, उद्या आयकजो. तो सकाळपासून जागा होता. त्यानं दाढी करायला सांगितली. बाबांनी खाट खिडकीजवळ ओढली, म्हणजे भोंगा नीट ऐकू यावा. लेकरांची गाणी झाली, नंदींची बक्षिसं झाली. मालगाडी आली तेव्हा भाऊ अस्वस्थ झाला, तेवढ्यात नाव निघून गेलं तर? मी म्हटलं, नाही, अजून नाही झालं. मग निवेदकांचा आवाज आला, शुद्ध, सावकाश. मुलांनो, नाचताना उड्या मारू नका, म्हणाले. गेल्या वर्षी याच ओट्यावर लाइनपारच्या अभागी मुलाचं काय झालं ते विसरू नका. पालकांनो, लाइनपारसारखं आपल्याकडे होऊ देऊ नका. दोनदा घेतलं त्यांनी नाव. शब्द पाळला.

मी खिडकी लावायला उठले. बाबा दारात पाठमोरे उभे होते, ते हलले नाहीत. भावानं मला थांबवलं.

"राहू दे, बाई. नाव घेतलं नं त्यायनं."

मी म्हटलं, हाव, घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी निघून कानांत जात होतं. त्याला तोंड फिरवायचं होतं, मला दिसत होतं, पण मान वळत नव्हती. म्हणून मग मीच माझं तोंड फिरवलं.